पामेरियन गावात आलं: हा स्वभाव जातीचा की आमच्या घराचा?

ओसरीवरून
नमस्कार मंडळी. बरेच महिने या मंचावरचे धागे नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते.

गाव दर्यापूर तालुक्यात. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन पोरं, कोठ्यात बैलजोडी आणि एक गाय. अक्षय्य तृतीयेला पुण्याचे भाऊजी आले ते पांढरंशुभ्र पामेरियन घेऊनच. नाव बर्फी, वय चार वर्षं. त्यांची बदली बंगळूरला झाली, तिकडच्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. "वहिनी, दोन महिने सांभाळून घ्या" म्हणाले. हे दोन महिने किती लांबणार ते मला तेव्हाच कळलं होतं.

पहिला आठवडा तिने आमच्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावलं नाही. खारपाणपट्टा आहे, माणसालाही ते पाणी सोसत नाही, तिला काय म्हणायचं. मग एके दिवशी बैलांच्या टाक्यातच तोंड घालून प्यायली आणि तो प्रश्न मिटला. बाकीचे मिटले नाहीत.

ओसरीची पायरी कोणी चढलं की भुंकते. दूधवाला, पोस्टमन, बचतगटाच्या बाया, कोणीही. माणूस जाईपर्यंत थांबत नाही. सासूबाईंच्या मागे शेपटीसारखी फिरते, त्या न्हाणीत गेल्या तर दाराशी बसून कण्हते. रात्री त्यांच्याच बाजेवर झोपते आणि मामंजी त्या बाजेवर टेकले की गुरगुरते. परवा त्यांनी काठी उगारली तर दात दाखवले. "माह्या घरात मलेच गुरकावते," असं म्हणून दोन दिवस झाले, ते ओसरीवरच झोपतात.

पाहावं तर पोरांशी गरीब, बैलांना मुळीच भीत नाही. मग हे पामेरियनचं असतंच असं, की आमच्याकडून काही चुकतंय? कोणी पाळलं असेल तर सांगा.

ठेचा_भाकर
मामंजी ओसरीवर अन् कुत्रं बाजेवर. ताई, तुमच्या घरात सत्ता बदलली, कुत्र्याचा काय दोष त्यात.

सोनपापडी
फोटो टाका आधी. फोटोशिवाय कुत्र्याचा धागा म्हणजे पाप आहे.

जुना पटवारी
कुत्र्याला बाजेवर झोपवता आणि वरून विचारता काय चुकलं. आमच्या वाड्यावर चार कुत्री होती, एकानेही उंबरा ओलांडला नाही. उष्टी भाकर खायची आणि वावरात जागलीला जायचं. ही शहरातली खेळणी गावात आणू नयेत. साखळीने बांधा, आठ दिवसांत सरळ होईल.

ठेचा_भाकर
काकाजी, तुमच्या चार कुत्र्यांनी साऱ्या गावाले वाट बदलायले लावली असन, थे बी सांगा की.

खिडकीतली जागा
आमच्याकडे पॉम होता, मोती. चौदा वर्षं जगला, मागच्या वर्षी गेला. अजून दाराची बेल वाजली की मी त्याच्या भुंकण्याची वाट पाहते.

ओसरीवरून, तुम्ही लिहिलंय ते सगळं मोतीत होतं. एक माणूस निवडायचं आणि त्याची सावली व्हायचं. मोतीने माझ्या नवऱ्याला निवडलं होतं. खाऊपिऊ मी घालायची, फिरवायची मी, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या स्कूटरचा आवाज वळणावर आला की मी घरात नसल्यासारखीच. वाईट वाटून घ्यायचं नाही.

भुंकण्याचं मात्र आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. सोसायटीची दोन पत्रं आली होती.

गोठ्यातला डॉक्टर
मी निवृत्त पशुवैद्यक, नोकरी सगळी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत. ढोरांचा डॉक्टर, पण गावात कुत्र्यांसाठी वेगळा डॉक्टर कुठून आणणार, त्यामुळे तीही पुष्कळ पाहिली. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विचारतो. बर्फीचं वजन किती?

ओसरीवरून
धान्याच्या काट्यावर ठेवली होती पोरांनी. साडेसहा किलो.

गोठ्यातला डॉक्टर
म्हणजे ती बहुतेक पामेरियन नाहीच. खरं पामेरियन दीड ते सव्वातीन किलोचं, दोन तळहातांवर मावेल असं असतं. आपल्याकडे गावोगाव ज्याला पामेरियन म्हणतात तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून इथेच तयार झालेला, लांबट तोंडाचा, आपल्या हवेत तग धरणारा. लहान चणीचा असला तरी पाच-सात किलो भरतो.

दोघांचं घराणं एकच. पोमेरानिया हा बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख, आज तो पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलाय. पामेरियनचे पूर्वज उत्तरेकडच्या थंडीत गाड्या ओढणारी, कळप आणि घर राखणारी मोठी कुत्री होती. व्हिक्टोरिया राणीने 1888 साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला, तोसुद्धा साडेपाच किलोच्या आसपास होता. पुढे लहान, आणखी लहान अशी हौस वाढत गेली. शरीर लहान झालं, डोकं मात्र राखणदाराचंच राहिलं. लांबून चाहूल घ्यायची आणि घरच्यांना आवाज द्यायचा, एवढं त्याच्या रक्तात आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "हो, जातीचं आहे".

उरलेलं अर्धं तुमच्या ओसरीवर आहे. बर्फीच्या जागी बसून पाहा. पोस्टमन आला, ती भुंकली, पोस्टमन गेला. तो पुढच्या घरी टपाल द्यायला गेला हे तिला कुठून कळणार? तिच्या हिशोबात तिने त्याला हाकललं. रोज असे चार-पाच विजय मिळत असतील तर ती का थांबेल? बरं, घरातले सगळे "ए बर्फी, गप!" म्हणून ओरडत असतील, तर तिला वाटतं सगळं घरच आपल्यासोबत भुंकतंय.

म्हणून उलटं करा. ओळखीच्या एकदोघांना सांगून ठेवा: यायचं, तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, अंगावर वाकायचं नाही, सरळ ओसरीवर जरा तिरपं बसायचं. ती भुंकेल. भुंकू द्या. माणूस उठायचा नाही. ती दमून थांबली, जवळ येऊन वास घेतला, की भाकरीचा तुकडा त्याच माणसाच्या हातून खाली पडू द्यायचा. दाराजवळ बारदान्याचं एक पोतं तिची जागा म्हणून ठरवा. दोन भुंका झाल्या की "बस्स" म्हणून पोत्यावर बोलवा, आली की तुकडा द्या. दोन भुंकांचा तिचा हक्क काढू नका, ते तिचं काम आहे.

बाजेचं जास्त महत्त्वाचं. गुरगुरणं ही धमकी वाटते, पण ती सूचना आहे. काठीने गुरगुरणं बंद करता येतं, पण मनातली भीती तशीच राहते. मग एक दिवस ती न गुरगुरता चावते आणि लोक म्हणतात, अचानक चावली. मामंजींनी काठी ठेवून द्यावी. ती गुरगुरली की सासूबाईंनी काही न बोलता उठून जावं. जिच्यासाठी बाज अडवली तीच निघून गेली म्हटल्यावर गुरगुरण्यात काही उरत नाही. आणि संध्याकाळचं खाणं महिनाभर फक्त मामंजींच्या हातून.

ठेचा_भाकर
सासूबाई उठून गेल्यावर बुढा एकटाच बाजेवर. डाक्टरसाहेब, हे कुत्र्याचं औषध हाये का बुढ्याचं?

पराटी
डॉक्टरांचं पटलं, पण मला जुन्या पटवाऱ्यांची बाजूही थोडी पटते. अशी कुत्री चावतात. हसण्यावारी नेऊ नका.

माझ्या शाळेजवळ एका घरी असंच पांढरं कुत्रं होतं. तिसरीतली एक मुलगी रोज त्याच्या गळ्यात पडायची. घरचे म्हणायचे, किती लाड करून घेतं बघा. ते तोंड फिरवायचं, ओठ चाटायचं, कान मागे घ्यायचं, पण कोणाला ते दिसलं नाही. एक दिवस तिच्या गालाला चावलं. आई हळद-तिखट घेऊन धावली, मी तिचा हात धरला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि तसंच आरोग्य केंद्रात नेलं. जखम चेहऱ्यावर, म्हणून तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, लशीबरोबर जखमेच्या आत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागलं. कुत्र्याचं लसीकरण झालंय असं घरचे सांगत होते, कार्ड मात्र सापडत नव्हतं.

ओसरीवरून ताई, बर्फीचं कार्ड भाऊजींकडून मागून घ्या. आणि पोरांना मिठी मारू देऊ नका. तुम्ही "पोरांशी गरीब" लिहिलंय, पण ती गरीब आहे की नुसती सोसतेय ते एकदा बघा.

ओसरीवरून
पराटी, वाचून पोटात गोळा आला. धाकटा तिला टोपलीत घालून फिरवतो. आता आठवलं, टोपलीत बसली की ती जांभया देते. आम्ही म्हणायचो झोप आली. कार्ड मागवलं.

गोठ्यातला डॉक्टर
भर दुपारी, झोपेची वेळ नसताना जांभई म्हणजे बहुधा कंटाळा नाही, अवघडलेपण. टोपली बंद. पराटीताईंचं निरीक्षण उत्तम आहे.

झाडीतला
आमच्या सिंदेवाहीकडे यातलं काहीच कामाचं नाही. आमच्याकडे लहान कुत्र्याचा एकच नियम आहे: दिवेलागणीनंतर घरात. बिबट गावात येतो तो मुख्यतः कुत्री आणि शेळ्यांसाठी. अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याचं ताट वाढून ठेवलेलं. म्हणून पटवारी साहेब, साखळीचा सल्ला आमच्या भागात देऊ नका. बांधलेल्याला पळताही येत नाही.

अकोल्याला एक अभ्यास झाला होता, बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने 39 टक्के कुत्री निघाली.

ठेचा_भाकर
अकोल्याले बिबट? मी रोज जातो भाऊ बजारात, मले तं दिसला नाई.

झाडीतला
अकोले. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. आपलं अकोला नव्हे. चूक कबूल.

ठेचा_भाकर
सुटलो बावा.

जुना पटवारी
बिबट्याचं मान्य. साखळीचा मुद्दा मागे घेतो. बाजेचा घेत नाही.

खिडकीतली जागा
उन्हाळ्याचं कोणी बोललंच नाही. तुमच्याकडे 45-46 डिग्री जातं ना? त्या केसांत जीव कसा राहतो? आमच्याकडे एका दुकानात "समर कट" म्हणून मोतीला पार भादरलं होतं. आठशे रुपये घेतले. नंतर पाठीवर केस आलेच नाहीत नीट, दीड वर्ष वाळवी लागल्यासारखा दिसायचा.

गोठ्यातला डॉक्टर
ही चूक फार जण करतात. या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. जाड मातीची भिंत जशी थंडीत ऊब धरते आणि उन्हात आतली झळ अडवते, तसंच. मुळापासून भादरलं की ऊन थेट कातडीवर येतं आणि केस कधी विरळ येतात, कधी येतच नाहीत. रोज फणी करून आतली सुटलेली लोकर काढायची, एवढं पुरे.

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो. बाकी सगळी वाफ तोंडावाटे. अंगाचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट, 104 च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, चालताना झोक जायला लागला, की उष्माघात समजा. सावलीत न्या, साध्या पाण्याने पोट-मांड्या भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आणि उन्हाने कावलेलं कुत्रं चिडचिडंही होतं. बर्फी मेमध्ये आली, घर नवीन, पाणी खारं, ऊन असं. तिचा जो स्वभाव तुम्ही पाहिला त्यातला काही भाग उन्हाचाही असेल.

खायला काय देता?

ओसरीवरून
भाकरी, दूध, भात. सासूबाई पिठलं कालवून देतात, ते आवडीने खाते.

गोठ्यातला डॉक्टर
पिठल्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका घासाने दिसत नाही, रोज खाऊन अंगात रक्त कमी होतं. भाकर, भात, उकडलेलं अंडं, फोडणी न घातलेलं वरण चालेल. मनुका-द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. आणि कोठा जवळ आहे तर गोचीड रोज बघा, कानामागे आणि बोटांच्या मध्ये. गोचिडतापाने चार दिवसांत कुत्रं लोळतं.

पराटी
अवांतर: कांद्याशिवाय पिठलं सासूबाईंना सांगणार कोण?

ओसरीवरून
सांगितलं. म्हणाल्या, "मंग माणसाईनं काहून खावं?" दोन दिवस घरात कोणालाच पिठलं मिळालं नाही.

सोनपापडी
फोटो??

जुना पटवारी
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ठेचा_भाकर
काकाजी, काय लिवलं होतं ते सांगा, मी रात्रभर झोपनार नाई.

जुना पटवारी
आमच्याकडेही एक होतं पांढरं, म्हणून लिहिलं होतं. मुलीचं. ती सासरी गेल्यावर तीन महिने दारात बसायचं. आमची ही त्याला जेवायला घालायची, ते हिच्याकडे बघायचंही नाही. नको वाटलं म्हणून काढलं.

खिडकीतली जागा
काका, काढायला नको होतं.

---

ओसरीवरून
धागा वर काढते. पोळा झाला, कामं थोडी आटोपली, तेव्हा हिशोब द्यायलाच हवा.

डॉक्टरांनी सांगितलेलं केलं, पण पुस्तकासारखं झालं नाही. दूधवाला पहिल्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, माझं दूध नासते, कुत्र्याची शाळा तुम्हीच घ्या." मग बचतगटाच्या बायांवर प्रयोग केला. त्या तशाही बसल्या की तासभर उठत नाहीत. चौथ्या बैठकीला बर्फी दोनदा भुंकली आणि पोत्यावर जाऊन पडली. आता ओळखीच्यांना दोन भुंका मिळतात. पोस्टमनला अजून पूर्ण मिळतात, कारण तो थांबतच नाही.

एक मात्र आम्हाला आधी कळलं नव्हतं. जुलैत एका रात्री ती वेगळंच भुंकली, पायरीवर भुंकते तसं नाही, थांबून थांबून, कोठ्याकडे तोंड करून. हे बॅटरी घेऊन गेले तर गाईच्या गव्हाणीत साप. त्या रात्रीनंतर मामंजींनी तिच्याबद्दल "ते कुत्रं" म्हणणं सोडलं. नावाने अजून हाक मारत नाहीत, "ए पाटलीनबाई" म्हणतात.

बाजेचं: सासूबाई उठून जायच्या खऱ्या, पण उठताना "बसा दोघंही" म्हणायच्या. पंधरा दिवस मामंजींनी ओसरीवर पायाशी भाकर टाकली आणि तोंड दुसरीकडे केलं. मला वाटायचं रागाने करताहेत. नंतर विचारलं तर म्हणाले, "डाक्टरनं सांगतलं ना, पाहाचं नाई म्हनून." घरात धागा वाचून दाखवला होता मी, ते ऐकत नाहीत असं वाटत होतं. आता ती दोघांच्या मध्ये न झोपता बाजेखाली झोपते. पहाटे मामंजी वावरात निघाले की बांधापर्यंत सोबत जाते, पुढे चिखल लागला की परत येते. चिखल तिला चालत नाही.

टोपली बंद. धाकटा रडला, मग त्याला तिची फणी करायचं काम दिलं.

पोळ्याला बैलांच्या पायांमधून फिरत होती, तोरणाखाली सगळ्यात पुढे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोराचा लाकडी नंदी चाकांवर ओसरीत आला आणि बर्फी दीड तास भुंकली. खऱ्या बैलाला भीत नाही, लाकडाच्या बैलाला घाबरते. डॉक्टर, हे कोणत्या घराण्याचं?

गोठ्यातला डॉक्टर
बैलाला वास आहे, तो हलायच्या आधी ओळखू येतो. लाकडाला वास बैलाचा नाही आणि चाल मात्र तशी, वर चाकांचा खडखडाट. मीही भुंकलो असतो. नंदी चार दिवस ओसरीवर न हलवता ठेवा, शेजारी तुकडा ठेवा.

लसीची तारीख पाहिलीत का कार्डावर?

ओसरीवरून
पाहिली. सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन दिली. परतताना एसटीत अख्ख्या गाडीला दोन-दोन भुंका दिल्या.

झाडीतला
रात्री घरात ना?

ओसरीवरून
घरात. तुमचं वाचल्यापासून दार मामंजीच लावतात.

जुना पटवारी
भाऊजी परत न्यायला आले तर?

ओसरीवरून
फोन आला होता दसऱ्याचा. बंगळूरला दुसरं घर मिळालंय म्हणाले, घरमालक चांगला आहे. सासूबाईंनी फोन घेतला आणि सोयाबीनचा भाव, पाऊस, सुनेची तब्येत सगळं विचारलं. बर्फीचं काही ऐकूच आलं नाही त्यांना. तिकडे रेंज नव्हती म्हणाल्या.

ठेचा_भाकर
सांगतलं होतं ना म्या, सत्ता बदलली. बरं डाक्टरसाहेब, खरं सांगतो, आमच्या पोट्ट्यानं बी काल एक आनलं. चपट्या नाकाचं, पग का काय म्हनते. रातभर घोरते, बुढ्यापेक्षा मोठ्यानं. आमच्या अकोटच्या उन्हात याचं कसं होईन?

गोठ्यातला डॉक्टर
चपट्या नाकाला धापा टाकूनही अंग निववता येत नाही. बर्फीसारखं हे सोपं नाही. फेब्रुवारीच्या आधी कुलरची सोय करा, भरपूर खाऊ घालून जाड करू नका, आणि नवा धागा काढा. इथे लिहायला लागलो तर पोळा परत येईल.

सोनपापडी
दोन्ही कुत्र्यांचे फोटो. शेवटचं विचारतेय.